बाहेर उघडणारी दारं

आमच्या लातूरच्या घराची सगळी दारं बाहेर उघडतात. नव्या माणसाला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर तो दार ढकलत बसतो. ढकलून उघडेना की त्याला वाटतं आतून कडी आहे. मग तो हाका मारतो, आतून आम्ही ‘ओढा, ओढा’ म्हणून ओरडतो, आणि त्यानं जोर लावून ओढलं की दार त्याच्याच कपाळावर येतं. एकदा स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यांचं असंच झालं आणि ती बोलणी चहाच्या पुढे गेली नाहीत. स्थळ माझ्यासाठीच होतं, त्यामुळे पाहुण्यांच्या कपाळावरचं टेंगूळ मला अजून स्पष्ट आठवतं. वाईट काही वाटलं नाही. उलट त्या दारावर माझा थोडा जीवच जडला.

दारं अशी का, असं कुणी विचारलं की आमच्या घरात एकच उत्तर तयार असायचं: आईसाठी.

भूकंप झाला तेव्हा आई औशाच्या पलीकडे एका खेड्यात, तिच्या थोरल्या बहिणीकडे गेली होती. गणपती विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटे जमीन हलली. मावशीचं घर दगडमातीचं, वर मातीचं जाड माळवद. मावशी गेली. आई वाचली. मावशीच्या शेजारचा एक माणूस तिला ट्रकमधून लातूरला घेऊन आला तेव्हा तिचा एक हात गळ्यात होता आणि आवाज पार बसला होता. पाणी पिता पिता तो माणूस सांगत होता की गावात दारंच उघडली नाहीत, चौकटी वाकड्या झाल्या, माणसं आतच राहिली. तो गावाबद्दल बोलत होता. आम्ही ते मावशीच्या घराबद्दल आहे असं धरून चाललो. आईला विचारायची कुणाची छाती झाली नाही, आणि तिनं आपणहून कधी काही सांगितलं नाही.

त्या दिवसापासून आई छताखाली झोपली नाही. सुरुवातीला त्याचं कुणाला नवल नव्हतं, कारण सगळं लातूरच बाहेर झोपत होतं. मैदानात, रस्त्याच्या कडेला, बैलगाडीखाली, ट्रॉलीत. मग थंडी वाढली तशी एकेक गल्ली आत जाऊ लागली. आई गेली नाही. स्वयंपाक आत, पूजा आत, दुपारची भाजी निवडणं आत. दिवेलागण झाली की तिची बाज अंगणात. पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीत, तीही तिन्ही बाजूंनी उघडी. थंडीत दोन वाकळा घ्यायची आणि सकाळी शिंकत शिंकत चूल पेटवायची. दरवर्षी तिचा खोकला थोडा जास्त दिवस टिकायला लागला. डॉक्टरांनी तर एकदा अण्णांनाच झापलं, बाईमाणसाला असं उघड्यावर का ठेवता म्हणून. अण्णा, म्हणजे माझे वडील, ते ऐकून घेऊन खाली मान घालून परत आले.

अण्णा लाल बसच्या वर्कशॉपात होते. आयुष्यभर गाड्यांच्या पोटाखाली राहिलेला माणूस. त्यांना प्रत्येक दुखण्याचं कारण एखाद्या सुट्या भागात सापडायचं. भाड्याचं घर सोडून आपलं घर बांधायचं ठरलं तेव्हा त्यांनी जाहीर केलं की या बाईच्या झोपेचा प्रश्न दारात आहे. "गाडीत मागं काय लिहिलेलं असतं? संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. ते दार कुठं उघडतं? बाहेर. लोक घाबरले की पुढं रेटतात, मागं वढत न्हाईत. आत उघडणारं दार रेटलं तर बंदच होणार." आम्हाला ते पटलं. आजही पटतं. घराला सगळीकडे संकटकाळी बाहेर पडण्याचे मार्ग करायचे असं ठरलं, आणि आई एक रात्र जरी छताखाली झोपली तरी घर बांधल्याचं सार्थक झालं, असं अण्णा मला एकटीला म्हणाले.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला भलत्या गोष्टींत नाक खुपसायची सवय होती. दाराचा विषय निघाला आणि मला दारं बघायचा नादच लागला. कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेले तरी माझं लक्ष बिजागऱ्यांकडे. त्यातूनच कळलं की आमच्या भागात प्रत्येकानं भूकंपाचा आपापला धडा काढलाय. एकानं पुढचं दार दोरीनं खुंटीला बांधून कायमचं उघडं ठेवलेलं. एक काका तांब्यावर वाटी आणि वाटीवर चमचा ठेवून झोपायचे. मांजरीनं तो तांब्या इतक्या वेळा पाडला की त्यांच्या घरी खऱ्या भूकंपापेक्षा मांजरीचीच धास्ती जास्त होती. एका घरी लाकडी चौकटच नको म्हणून सिमेंटची बसवलेली, शेजारी सिमेंट नको म्हणून लोखंडाची. बाहेर उघडणारं दार मात्र मला एकही सापडेना. एका शेजारणीनं उलट मलाच विचारलं, "बाहेर उघडल्यावर अन् बाहेरच माती पडली तर गं?" मी घरी येऊन तेच अण्णांना विचारलं. ते म्हणाले, सगळ्याच गोष्टीचा विचार करत बसलं तर गाडी डेपोतून निघायचीच नाही.

लाकूड घ्यायला आम्ही नांदेडला गेलो. अण्णा पूर्वी तिथल्या वर्कशॉपात होते आणि एका वखारवाल्याशी त्यांची जुनी ओळख होती. चार पिढ्यांपासून लाकडाचा धंदा करणारं मुसलमान घर. वखारवाला गोरा, बुटका, पान खाणारा आणि बोलायला लई गोड. आई येणार नाही असं आम्हाला वाटलं होतं, पण ती लुगडं बदलून सगळ्यात आधी तयार होऊन बसली.

वखारीत गेल्यावर पहिल्यांदा वास आला. ओल्या भुशाचा, थोडा कडवट, नाकात बसणारा. मी प्रत्येक ओंडका हुंगत फिरले. साग वेगळा, बाभूळ वेगळी, निंब तर ओळखू येतोच. अण्णा चाकावर रॉड मारून हवा बघतात तसे प्रत्येक फळीवर बोटांची पेरं वाजवत होते आणि वखारवाला हसू दाबत होता. "साहेब, पंक्चर न्हाई त्यात," तो म्हणाला. आई मात्र प्रत्येक लाकडापाशी थांबून एकच प्रश्न विचारायची.

"हे कुठल्या गावचं?"

"भाभी, हे किनवटच्या जंगलातलं. भोकरवरून आलं, ताजा माल हाय."

"आन् ते तिकडचं?"

तिकडे भिंतीशी जुन्या चौकटी आणि दारं एकावर एक टेकवून ठेवली होती. वखारवाल्यानं पानाची पिचकारी टाकून घेतली. "ते जुनं हाय भाभी. तिकडं नका बघू."

कुठलं ते त्यानं सांगायची गरज नव्हती. पडलेल्या गावांमधलं लाकूड तेव्हा सगळीकडे फिरत होतं. आई तिकडेच गेली. अण्णांनी मला डोळ्यानं खूण केली, जा तिच्यासोबत. जुन्या चौकटी ठेंगण्या होत्या, वाकून आत जावं लागेल अशा. एकीच्या वरच्या आडव्या पट्टीवर कुंकवाच्या बोटांचे ठसे होते, पुसट झालेले, पण मोजता आले असते असे. मला भीती वाटली की आता आई रडेल. ती रडली नाही. तिनं चौकटीच्या मधोमध उभं राहून दोन्ही बाजूंना हात लावले. हात पुरते पसरलेसुद्धा गेले नाहीत, कोपरं वाकलेलीच राहिली. तशी ती थोडा वेळ उभी होती. मग हात झटकून नव्या मालाकडे आली.

नव्या चौकटीचं एक तयार मॉडेल वखारवाल्यानं दाखवायला ठेवलं होतं. आईनं दोन हमालांना ती उभी धरायला लावली. एकदा तिच्यातून बाहेर गेली. वळली आणि आत आली. मग मला हाक मारली, "ये इकडं." मला शेजारी उभं केलं, माझा दंड धरला आणि आम्ही दोघी एकदम निघालो. माझा खांदा घासला, ती अडकली. हमाल हसायला लागले. मलाही हसू आलं.

"अजून रुंद पायजे," आई म्हणाली.

"भाभी, हत्ती आणायचाय का घरात?"

"दोन माणसं एका टायमाला निघाली पायजेत. येवढी."

भूकंपानंतर घराविषयी आईनं मागितलेली ही पहिली गोष्ट. अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी भावसुद्धा केला नाही. पुढं दोन पल्ल्यांचं दार, रुंद चौकट, सगळी सागाची, असं तिथल्या तिथे ठरलं. आतल्या खोल्यांना हलक्या लाकडाची दारं चालतील असं अण्णा म्हणाले आणि आईनं त्यावर मान हलवली. दार कुठल्या बाजूला उघडावं याबद्दल मात्र ती एक शब्द बोलली नाही. परतीच्या बसमध्ये मी तिला विचारलं, बाहेर उघडलं की बरं वाटेल ना तुला? ती खिडकीतून बघत म्हणाली, "उघडंना कुठं बी."

हे उत्तर मला खटकलं होतं. पण लोह्याला गाडी थांबली, भजी आली आणि ते तिथंच राहिलं.

दारं घडवायला लातूरचेच एक मिस्त्री आले. वय झालेले, दाढीला मेंदी, कानावर पेन्सिल. अण्णांची बाहेर उघडायची कल्पना ऐकून त्यांनी रंधा खाली ठेवला. "साहेब, घराचा दरवाजा आत उघडतो. येणाऱ्याला जागा देतो. तुम्ही तर येणाऱ्याच्या अंगावर सोडून राहिले."

"मिस्त्री, जाणाऱ्याचं बघा. येणाऱ्याचं नंतर बघू."

"बिजागऱ्या बाहेर येतील. चोर एक एक खिळा काढून दरवाजा डोक्यावर घेऊन जाईल."

"न्यू द्या. दारच जाईल ना?"

या दोघांचं भांडण महिनाभर चाललं आणि मला त्यात फार मजा यायची. मिस्त्रींचं सगळंच खरं निघालं असं नाही. लाकूड चांगलं वाळलंय, पावसात फुगणार नाही, अशी त्यांनी छातीठोक हमी दिली होती. पहिल्याच पावसाळ्यात न्हाणीचं दार असं घट्ट बसलं की अण्णाच आत अडकले. बाहेर उघडणारं दार अडकलं म्हणून ते आतून इतके संतापून ओरडत होते की गल्ली गोळा झाली. मिस्त्री रंधा घेऊन आले आणि फुगलेली कड तासता तासता म्हणाले, "साहेब, जाणाऱ्याचं बघत होतो मी."

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. रांगोळी. आई रोज सकाळी उंबऱ्याबाहेर रांगोळी काढायची, आणि पहिल्यांदा दार उघडलं की पल्ला ती अर्धवर्तुळात पुसून टाकायचा. आईनं तक्रार केली नाही. रांगोळी हातभर पुढे सरकवली. अजूनही आमची रांगोळी दारापासून लांब, जवळजवळ रस्त्यात असते आणि सायकलवाले तिच्यावरून जातात.

वास्तुशांत झाली. नातेवाईक दारं ढकलून, ओढून, हसून, जेवून गेले. संध्याकाळी अण्णांनी पुढच्या खोलीत आईसाठी नवी कॉट मांडली, वर नवी चादर घातली. आईनं दारापाशी येऊन एकदा दाराकडे बघितलं आणि मग बाज उचलून बाहेर, दाराशेजारच्या उघड्या ओट्यावर गेली. अण्णा त्या नव्या चादरीकडे बघत उभे होते. मला त्यांची इतकी दया आली की मी उगाच भांडी घासायला घेतली.

त्यांनी हार मानली नाही. आतल्या सगळ्या दारांच्या कड्या काढून टाकल्या, कुणी आत अडकू नये म्हणून. मग आम्ही कपडे बदलताना गाणं म्हणायचो, आत कुणीतरी आहे हे कळावं यासाठी. उंबरा तासून कमी केला, पाय अडखळू नये म्हणून. बिजागऱ्यांना ते गाडीचं ग्रीस लावायचे. आई दिवसभर घरात खूश असायची, दारं कौतुकानं पुसायची, आणि दिवे लागले की बाहेर.

तोवर लातूर बदलून गेलं होतं. बारावीच्या क्लासेससाठी सगळ्या मराठवाड्यातून पोरं येत होती. आमच्या गल्लीत एक घर असं राहिलं नव्हतं की जिथं एखादी खोली भाड्यानं दिलेली नाही. पूर्वी दारावर ‘सुस्वागतम्’ असायचं, आता ‘रूम मिळेल, फक्त मुलींसाठी’. अण्णांनीही मागची मोठी खोली द्यायचं ठरवलं. तिला वेगळा जिना किंवा वेगळी वाट काढायला जागा नव्हती. मुलींना आमच्या पुढच्या खोलीतूनच येजा करावी लागणार होती.

तीन मुली आल्या. एक भोकरची, एक जळकोटची, एक देगलूरची. तिघींचे वडील सोबत. भोकरच्या मुलीच्या वडिलांनी खोलीचं दार ढकललं, मग अण्णांनी सांगितल्यावर ओढलं, मग आत जाऊन दाराच्या मागे कडी शोधली.

"साहेब, आतून कडी न्हाई?"

"भूकंपाच्या हिशोबानं काढली."

"भूकंप कवातरी येतो. पोरगी रोज इथं राहून राहिली," तो माणूस हात जोडून म्हणाला. "कडी लावा. तिची माय झोपायची न्हाई तिकडं."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आई त्या मुलींच्या गाद्या झटकत होती. ती म्हणाली, "लावा कडी. पोरीची जात हाय." मिस्त्रींना बोलावणं गेलं आणि तासाभरात कडी बसली.

संध्याकाळी वडील लोक गेले. देगलूरची मुलगी जरा रडली, मग तिघी वह्या काढून बसल्या. दिवेलागण झाली. मी आईची बाज ओट्यावर न्यायला उचलली, तर आई म्हणाली, "तिकडं नको. हितं." आणि तिनं पुढच्या खोलीत, दाराच्या अगदी कडेला जागा दाखवली. अण्णा देव्हाऱ्यापाशी होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती, पण ती पाठ ऐकत होती. मी काही न बोलता बाज ठेवली. मला वाटलं, बोलले तर ती परत उठून जाईल.

आई बसली. मग दाराकडे बोट करून म्हणाली, "त्यो दुसरा पल्ला उघड आधी."

दोन पल्ल्यांचं दार असलं तरी कुठल्याही घरात होतं तेच आमच्याकडे झालं होतं. एकच पल्ला रोज उघडायचा. दुसरा वरखाली बोल्ट लावून कायमचा बंद, त्याच्यामागे छत्र्या आणि चपलांचं कपाट. वखारीत भांडून घेतलेली ती रुंदी आम्ही पहिल्या दिवसापासून अर्धी वापरत होतो.

"का गं?" मी विचारलं. आणि इतक्या वर्षांनी एकदाचं विचारलंच म्हणून पुढचंही विचारलं. "मावशीचं दार अडकलं होतं ना?"

"दार? दार उघडंच होतं." आई अगदी साध्या आवाजात बोलत होती, उद्याची भाजी सांगावी तशी. "अक्का अंगणात गेली होती बी. मीच झोपून व्हते. मला उठवायला ती परत आत आली. दारापशी आलो दोघी, तर दार एकटीपुरतं. ती म्हणली, तू हो पुढं. म्हणून मी झाले." ती थांबली. "मागं वळले तर दार होतं, अक्का नव्हती."

"म्हणून मी बाहेर झोपते. मला आणायला कुणी आत यायला नको."

इतक्या वर्षांत आम्ही दाराच्या बिजागऱ्या, दाराची बाजू, उंबरा, कड्या सगळं तपासलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, मोडलेला आणि थोडा वाकडा बसलेला तोच हात.

"मग आज आत का?" मी विचारलं.

तिनं मागच्या खोलीकडे मान केली. तिथं जळकोटची पोरगी मोठ्यानं काहीतरी पाठ करत होती. "कडी लावून झोपतील लेकरं. लोकाच्या लेकी. हाक मारायला कुणीतरी दाराशी पायजे का न्हाई?"

अण्णा उठले. त्यांनी चपलांचं कपाट ओढून बाजूला केलं, छत्र्या माझ्या हातात दिल्या, आणि पान्याच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर आणला. दुसऱ्या पल्ल्याचे वरचा आणि खालचा असे दोन्ही बोल्ट त्यांनी खोलून काढले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. नंतर दोन्ही पल्ले बाहेर ढकलले. एवढं मोठं दार पहिल्यांदाच पुरतं उघडलं आणि समोरच्या घरातला दिवा थेट बाजेपर्यंत आला.

"चल," अण्णा आईला म्हणाले.

"आता कुठं?"

"बघू, जमतं का."

आईनं पदर खोचला. दोघं शेजारी उभे राहिले, अण्णांनी तिचा दंड धरला, आणि ते दोघं एकदम बाहेर गेले. कुणाचाच खांदा घासला नाही. बाहेर जाऊन आई वळली आणि आपल्या पायांनी परत आत आली.